पोकळीची डागडुजी

सिलिंडर म्हणजे बिडाच्या ठोकळ्यात राखलेली पोकळी. बाहेरच्या फिनांवर चिखल वाळू दे, एखाद्या फिनचा कोपरा उडू दे, गाडीचं त्यानं फारसं अडत नाही. अडतं ते आतल्या रिकाम्या जागेपाशी. चेतक स्कूटरच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. जेवढी रुंद तेवढीच खोल अशी ही १४५.४५ घन सेंटिमीटरची जागा. एवढ्याशा जागेच्या जिवावर नवरा-बायको, पुढे हँडल धरून उभं राहिलेलं पोर आणि हुकाला अडकवलेली भाजीची पिशवी असा अख्खा संसार महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं वाहून नेला. ही जागा गोल राहिली, वरपासून खालपर्यंत सरळ राहिली, तिच्या भिंतीवर तेल टिकून राहिलं, की बाकीचं सगळं इंजिन सोसतं.

आणि ती बिघडली की दुरुस्तीचा नियम कठोर असतो. इथे भर घालता येत नाही, फक्त काढता येतं. ओरखडा बुजत नाही. त्याच्या आजूबाजूची भिंतच त्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. म्हणून गॅरेजात पिस्टनची मापं चढत जातात: स्टँडर्ड, मग पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. पाव-पाव मिलिमीटरच्या या पायऱ्या. एकदा बोअर मारला की पोकळी पाव मिलिमीटरनं रुंदावते आणि ब्लॉकचं आयुष्य एका पायरीनं सरतं. शेवटच्या पायरीनंतर आत नवी स्लीव्ह ठोकायची, नाहीतर ब्लॉक भंगारात द्यायचा. ज्याला हे काम कळतं तो बिघडलेला ब्लॉक हातात घेतल्यावर आधी मनाशी एकच हिशेब मांडतो, कमीत कमी किती काढून भागेल?

मला हा हिशेब अण्णांनी शिकवला. अण्णा म्हणजे माझे वडील; ते सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते.

नाशिकबद्दल लिहायचं म्हटलं की गोदाघाट येतो, पंचवटी येते, द्राक्षबागा येतात, आणि त्या यायलाच हव्यात. पण मी ज्या नाशकात वाढले ते भोंग्यांचं आणि शिफ्टच्या बसगाड्यांचं नाशिक होतं. साठच्या दशकात सातपूरला कारखाने उभे राहू लागले, १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना सुरू झाला, पुढे मायको आली. डिझेल इंजिनात इंधन फवारणारं नोझल तिथे बनायचं. त्या नोझलची सुई आपल्या घरात बसते तेव्हा दोघांमधली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केसच साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. २००८ मध्ये त्या कंपनीचं नाव बॉश झालं, पण रिक्षावाल्याला आजही मायको सर्कलच सांगावं लागतं. या कारखान्यांनी शहराला पगार दिले, सिडकोतली घरं दिली, पोरांची शिक्षणं केली, हे सगळेच सांगतात. त्यांनी या शहराच्या हाताला एक माप दिलं, हे फारसं कुणी सांगत नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर बसलेली माणसं दोन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पाच मायक्रॉन अशा भाषेत बोलायची. सायकलचं चाक डुगडुगतंय म्हणून कुणाकडे नेलं तर ते चाक उलटं फिरवून, नख रिमला लावून, डोळे मिटून सांगायचे की एक-दीड मिलीनं मारतंय, अमुक स्पोक आवळ. कारखान्याचं गेट संध्याकाळी बंद व्हायचं. हे माप डब्याच्या पिशवीतून घरी यायचं. मला ते या शहराचं खरंखुरं धन वाटतं, आणि ज्यांच्या हातात ते आहे त्यांचे हात आता थरथरू लागले आहेत, म्हणून ते लिहून ठेवावंसं वाटतं.

अण्णांची चेतक आमच्या सिडकोतल्या घरामागे, पत्र्याखाली उभी होती. १९७२ साली बजाजनं ही गाडी काढली. त्याआधी दशकभर इटलीच्या पिआजिओच्या सहकार्यानं व्हेस्पा स्कूटरी बनत होत्या. तो करार संपला आणि त्याच घडणीची गाडी चेतक नावानं धावू लागली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. २००९ मध्ये कंपनीनं स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर. नवी शांत आहे, चांगली आहे. तिच्यात सिलिंडर नाही.

आमची गाडी वणीच्या गडावरून उतरताना सीझ झाली होती. टू-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळं नसतं; पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली मिसळलेलं असतं तेवढंच. पेट्रोल आत गेलं तर तेल जातं. घाट चढताना इंजिन तापून लाल झालेलं असतं आणि उतारावर अॅक्सिलरेटर मिटून गाडी गिअरमध्ये नुसती गडगडत खाली येते. चाक इंजिन फिरवतं, पिस्टन तितक्याच वेगानं वर-खाली होतो, पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे तेलही बंद. त्यात धातूंचा स्वभाव वेगळा. ५७ मिलिमीटरचं बीड शंभर अंशांनी तापलं तर व्यासात सुमारे सहा शतांश मिलिमीटर फुगतं; अॅल्युमिनिअमचा पिस्टन त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय पिस्टन भिंतीपेक्षा जास्त तापलेला. मधली फट संपते, तेल नसतं, आणि मऊ अॅल्युमिनिअम भिंतीला लेपासारखं चिकटतं. मागचं चाक क्षणभर जाम होतं. जुनी माणसं लांब उतारावर मधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर थोडा पिळायची, ते याचसाठी.

नंतर गाडी तशीच राहिली. कुणीतरी प्लग काढून नेला होता, आणि त्या भोकातून किती पावसाळ्यांची ओल आत उतरली कोण जाणे. गेल्या भाद्रपदात मी काउल काढलं, हेडचे चार नट सोडवले आणि टॉर्च धरली. पिस्टन अर्ध्यावर अडकलेला. त्याच्या वरची भिंत विटकरी गंजानं भरलेली, आणि एका बाजूला, गंजाच्या मधून, चंदेरी ओघळ. तो गडावरचा ओघळ होता. पाणी आणि आग दोघांनीही त्या पोकळीत आपापली खूण ठेवली होती.

आधी पिस्टन सुटायला हवा. रॉकेल आता रेशनवरही मिळत नाही, म्हणून डिझेलमध्ये थोडं गिअर ऑइल मिसळून वर ओतलं आणि सोडून दिलं. ते मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा लागतो. जो लगेच हातोडी उचलतो तो ब्लॉक फोडतो. रोज सकाळी अण्णा काठी टेकत मागे यायचे, वरचं डिझेल किती उतरलं ते बघायचे आणि काही न बोलता जायचे. एके दिवशी पातळी चांगलीच खाली गेलेली दिसली. मग पिस्टनवर सागवानी ठोकळा ठेवून वरून हलके ठोके. जोर लावायचा नसतो. गंजाची पकड हादऱ्यानं सुटते, जोरानं नाही. पिस्टन किंचित सरकला, तेव्हा झालेला कुईं असा आवाज मला ऐकू आला त्याआधी अण्णांना ऐकू आला.

ब्लॉक बाहेर आला. पिस्टन गेला होताच, त्याच्या रिंगा खोबणीत गंजून एकजीव झालेल्या. त्याचं दुःख नव्हतं, स्टँडर्ड पिस्टन आणि रिंगांचा संच अजून बाजारात मिळतो. प्रश्न पोकळीचा होता.

गंजाला चिवड्यात घालतात ते सायट्रिक अॅसिड पुरलं. गरम पाण्यात ते विरघळवून ब्लॉक रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी ब्रशनं घासला. पाणी काळंकुट्ट झालं आणि खालून करडं बीड दिसू लागलं, मध्ये मध्ये काळे खड्डे. चंदेरी ओघळ मात्र जिथल्या तिथे. त्याला कॉस्टिक सोडा.

ही गोष्ट मला फार सुंदर वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनिअमला खातो आणि बिडाला हात लावत नाही. जे चिकटलं आहे तेवढंच जातं, ज्यावर चिकटलं आहे ते तसंच राहतं. अण्णांनी मला आधी हातमोजे आणि गॉगल घालायला लावले. प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी घेतलं. स्टोव्ह, काडी, काहीही जवळ ठेवू दिलं नाही, कारण या क्रियेत हायड्रोजन निघतो. “आधी पाणी, मग सोडा. उलटं कधी करायचं नाही,” ते म्हणाले. सोडा पाण्यात पडला तसा डबा हाताला गरम लागला. आईनं खिडकीतून बजावलं, “तो डबा परत माझ्या ओट्यावर आणायचा नाही हं.” काडीला कापूस गुंडाळला, तो द्रावणात बुडवून ओघळावर टेकवला. थोडा वेळ काहीच नाही. मग बारीक फसफस, ओघळाच्या कडेनं आधी, मग मधून. राखाडी फेस, फेसात काळा चिखल. शेजारच्या करड्या भिंतीवर तेच द्रावण पसरलं होतं आणि तिथे एकही बुडबुडा नव्हता. पुसायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा फेस. प्रत्येक वेळी ओघळ थोडा अरुंद होत गेला. फेस यायचा थांबला की समजायचं, अॅल्युमिनिअम संपलं. डोळ्यांनी ठरवायची गरज नाही. आमचा ओघळ गेला आणि त्याच्याखाली उभे बारीक चरे निघाले. नखाला लागत होते, पण अडकत नव्हते.

“नख अडकलं असतं तर बोअरला द्यावा लागला असता,” अण्णा म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतःचं नख फिरवून पाहिलं. त्यांना आता अंधुक दिसतं. नख मात्र तेच आहे.

आता माप. बोअर गेज घरात नव्हतं. अण्णांनी नवी रिंग मागितली. ती ब्लॉकच्या तळाशी, जिथे रिंग कधी पोचतच नाही आणि भिंत मुळातल्या मापाची असते, तिथे बसवली. नव्या पिस्टनच्या डोक्यानं ढकलून, म्हणजे ती तिरकी राहत नाही. रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजली: पाव मिलिमीटर. मग तीच रिंग वर, जिथे झीज सगळ्यात जास्त असते तिथे. ०.४०. फरक ०.१५. याला पायनं भागायचं, कारण रिंगेची फट परिघात वाढते आणि आपल्याला हवा असतो व्यास. आलं जेमतेम पाच शतांश मिलिमीटर. एका घरगुती स्कूटरच्या एवढ्या वर्षांच्या धावेची झीज एवढीच, पन्नास मायक्रॉन. शाळेत पाय शिकताना त्याचा कुणी असा उपयोग सांगितला असता तर गणिताशी माझं नातं वेगळं झालं असतं. हिशेब मांडून झाल्यावर अण्णा म्हणाले, “बोअर नको. होनिंगनं भागेल.” त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो एका पायरीचं आयुष्य वाचल्याचा होता.

होन म्हणजे तीन पायांचं, पायांना दगडाच्या पट्ट्या असलेलं, ड्रिलला लागणारं हत्यार. स्प्रिंगमुळे पट्ट्या भिंतीला टेकून राहतात. ब्लॉक शिकंज्यात धरायचा, डिझेल सोडत राहायचं, ड्रिल हळू फिरवायचं आणि वर-खाली न्यायचं. फिरण्याचा वेग आणि वर-खाली करण्याचा वेग यांच्या मेळातून भिंतीवर तिरप्या रेघा उमटतात, एक संच डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. दोन्ही एकमेकांना छेदून बारीक चौकटी तयार होतात. टू-स्ट्रोकच्या भिंतीत पेट्रोल यायला आणि धूर जायला खिडक्या असतात. पट्टी त्यांच्या कडेला अडकू नये म्हणून हात सैल सोडून चालत नाही.

आणि इथेच मोह होतो. भिंत उजळू लागते, काळे खड्डे पुसट होतात, आणि वाटतं, अजून थोडं, अजून एकदा, म्हणजे आरशासारखी होईल. आरसा नको असतो. गुळगुळीत भिंतीवर तेल ठरत नाही, रिंग तिला कोरडी घासते. तेल राहायला रेघ लागते. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून जे छापलं जातं, त्या सगळ्या विद्येत धातूत कोरलेल्या रेघेची जागा मोठी आहे: कोरीव प्लेटवर शाई फासून वरचा भाग पुसून घ्यायचा, शाई रेघेत उरते आणि तीच कागदावर उतरते. सिलिंडरची भिंत तशीच कोरलेली असावी लागते. वरच्या सपाटीवर रिंगेचा भार आणि रेघांमध्ये तेल. शिवाय बिडाचा स्वतःचाही गुण आहे. त्याच्या पोटात ग्राफाइटच्या सूक्ष्म पाकळ्या विखुरलेल्या असतात, त्या वंगण देतात. या जुन्या ओबडधोबड धातूला इंजिनानं एवढा काळ सोडलं नाही, त्यामागे हे कारण आहे.

“थांब,” अण्णा म्हणाले. एक्झॉस्टच्या खिडकीजवळ काही काळे ठिपके अजून दिसत होते. मी ते दाखवले. “राहू दे ते. तिथं तेल बसेल.” मला ते ठिपके घालवायचे होते. पण त्यांच्या तळापर्यंत जायचं म्हणजे साऱ्या भिंतीतून तेवढं बीड काढायचं, म्हणजे पंचवीसचा पिस्टन, म्हणजे आत्ताच वाचवलेली पायरी घालवायची. ठिपके राहिले. खिडक्यांच्या कडा मात्र त्यांनी बारीक पॉलिश पेपरनं स्वतः मोडल्या, बोटाला धार लागणार नाही एवढ्याच, कारण त्या धारेवर रिंग आपटते आणि तुटते.

मग धुणं. या कामाचा हा भाग सगळ्यात कमी मानाचा आणि सगळ्यात जास्त मोलाचा. होनिंगचा कण डोळ्याला दिसत नाही; तो रेघेत बसून राहिला तर नव्या रिंगा काही काळात खाऊन टाकतो. डिझेलनं तो जात नाही, उलट आत बसतो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, ब्रश, पुन्हा पाणी. कोरडं होताक्षणी बीड केशरी पडू लागतं, ते बिडाचा तवा वापरणाऱ्या कुठल्याही घरात माहीत असतं, म्हणून लगेच तेल. अण्णांच्या जुन्या धोतराचं पांढरं फडकं तेलात भिजवून आतून फिरवायचं. पहिल्यांदा फडकं काळं आलं. पुन्हा धुणं, पुन्हा फडकं, करडं. असं करत करत ते पांढरंच बाहेर आलं तेव्हा अण्णांनी ते उजेडात धरून, घड्या उलगडून, चारी कोपरे पाहिले. त्यांच्या टूलरूममध्ये एखादा पीस पास व्हायचा तेव्हा ते असेच पाहत असणार.

जोडणी लवकर झाली. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खोबणीत एक पिन असते, रिंगेची टोकं तिच्या दोन बाजूंना यायला हवीत, म्हणजे ती फिरत फिरत खिडकीत जाऊन अडकत नाहीत, तेवढं जपलं. पॅकिंग नवं, सर्क्लिप नव्या, कार्ब्युरेटर साफ. पहिल्या टाकीला तेल थोडं जास्त. किक मारल्यावर आधी फुसफुस, मग पांढरा धूर आणि मग तो आवाज, जो ऐकून शेजारचे काका कंपाउंडवरून डोकावले आणि त्यांनी न विचारता सांगितलं, चेतक. ती धूर करते हे मला माहीत आहे, म्हणून रोज काढत नाही. पण सुट्टीच्या दिवशी पहाटे त्र्यंबक रोडनं ती सावकाश पळते, आणि परत आल्यावर अण्णा प्लग काढायला लावतात, त्याच्या टोकाचा रंग बघतात. चहाच्या रंगाचं टोक असलं की ते खूश.

बातमी निफाडला पोचायला वेळ लागला नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी मामेभाऊ त्याचा पाठीवरचा फवारणी पंप घेऊन आला. पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन, तेही टू-स्ट्रोक, तेही सीझ. द्राक्षाला त्याच्याकडे ट्रॅक्टरवरचा ब्लोअर आहे, हा पंप टोमॅटोच्या तुकड्यासाठी. मी कॉस्टिकचा डबा काढायला उठले. अण्णांनी हातानंच थांबवलं आणि खिशातून लोहचुंबक काढून ब्लॉकला लावलं. ते चिकटलं नाही.

“हे बीड नाही. अॅल्युमिनिअमचा ब्लॉक, आतून क्रोमचा पातळ मुलामा. सोडा लावलास तर फटीतून आत शिरून ब्लॉकच खाईल. होन लावलास तर मुलामा जाईल.”

मग त्यांनी भावालाच शेजारी बसवलं. टॉर्चच्या उजेडात मुलामा कुठे सुटलाय का ते आधी पाहायला लावलं; चिकटलेला ओघळ वर होता आणि खालचा मुलामा शाबूत होता. सगळ्यात बारीक वॉटर पेपर, तेलात बुडवून, बोटाच्या टोकानं, फक्त ओघळावर. दुपारभर भाऊ तेच करत होता. निघताना अण्णांनी मार्कर मागवला आणि पंपाच्या पांढऱ्या टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: लिटरला ४० मिली, आधी तेल, मग पेट्रोल, मग हलवणे. खाली एक रेघ ओढली, आणि गड्यालाही हे वाचून दाखव म्हणून बजावलं.